मोठ्या बाईंचं काजळ

जुन्या शहरातल्या मुलींच्या शाळेत पोरी पळायला लागल्या तेव्हा अर्ध्या अकोल्याच्या पोटात दुखायला लागलं. सत्तावन्न साल होतं. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, पण मोर्णेच्या काठावर बसून दुसऱ्यांच्या पोरी बघणारे रिकामटेकडे होते तेच होते. शाळेचं मैदान मागच्या बाजूनं नदीकडे उतरायचं. खाली धोबी, त्यांची गाढवं आणि दगडांवर बसून विड्या फुंकणारी ही मंडळी. कुंदाबाईंची शिट्टी वाजली की गाढवं सोडून बाकी सगळे माना वर करायचे.

कुंदा म्हणजे शाळेची कवायतीची मास्तरीण. वय पंचविशीच्या आत, अंगानं काडी, आवाज मात्र हवालदाराचा. अमरावतीला राहून व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेली, त्यामुळे कोणाच्या बापाला भीत नसे, आणि पोरींच्या बापांना तर मुळीच नाही. "पोरीच्या जातीनं दम लागेस्तोवर पळू नये, हे कोणत्या पोथीत लिहिलंय ते दाखवा, मी उद्याच शिट्टी नदीत टाकते," असं ती तोंडावर सांगायची. पोथी कोणी आणली नाही आणि पोरी पळत राहिल्या. फेब्रुवारीत अमरावतीला शाळांच्या स्पर्धा होत्या. तिथे अकोल्याच्या पोरी न्यायच्याच, असं कुंदानं मनाशी पक्कं केलं होतं.

तिच्या पाठीशी उभ्या होत्या त्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका कौशल्याबाई. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. विशीच्या आत विधवा झाल्या, मग शिकल्या, मग शिकवतच राहिल्या. मूलबाळ नाही. शाळेतली प्रत्येक पोरगी आपलीच, अशा हक्कानं रागवायच्या आणि त्याच हक्कानं लाडही करायच्या. पोरींनी पळावं हे त्यांना पटलं होतं, पण काठावरच्या त्या नजरा काही सोसवत नव्हत्या. "इतक्या डोळ्यांपुढून पोरी जातात गं कुंदा. एखादीला दृष्ट लागली म्हणजे?"

यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. घरी एरंडेलाचा दिवा लावून, वर तांब्याची ताटली पालथी धरून त्या काजळ पाडायच्या, लोण्यात खलायच्या, आणि सराव सुरू व्हायच्या आधी चांदीची छोटी डबी घेऊन मैदानावर हजर व्हायच्या. पोरी हनुवट्या वर करून रांगेत उभ्या असायच्या. बाई डबीत बोट बुडवायच्या, एकीचे डोळे, दुसरीचे डोळे, तिसरीचे डोळे. "हं, आता पळ माझी वाघीण!" स्वतःच्या डोळ्यांत तीस वर्षांत काजळ गेलं नव्हतं, त्या बाईच्या बोटात त्या वेळी काय माया उतरायची! बघताना कुंदाला भरून यायचं.

रांगेच्या शेवटी फरजाना असायची. अब्दुल रहीम पिंजाऱ्याची मुलगी. आठवीत होती, आणि तिचं पळणं म्हणजे काय सांगावं! बाकीच्या पोरी पदर-परकर सावरून निघेपर्यंत ही अर्ध्यावर पोचलेली. सलवार घोट्याशी दोरीनं बांधलेली, ओढणी कमरेला गुंडाळलेली, पाय अनवाणी. अमरावतीहून काही जिंकून आणलं तर हीच आणेल, हे कुंदाला माहीत होतं, तिच्या मैत्रिणींनाही माहीत होतं. पहिल्या दिवशी तिनंही सगळ्यांसारखी हनुवटी वर केली, डोळे मोठे केले. मोठ्या बाई तिच्यापाशी आल्या, थबकल्या, आणि त्यांनी डबीचं झाकण लावलं.

"तुमच्या घरी सुरमा घालतात ना गं? तोच बरा तुला."

"जी बाई," फरजाना म्हणाली आणि तिनं हनुवटी खाली केली. त्यानंतर ती रोज रांगेत उभी राहायची, पण मान वर करायची नाही.

बाईंच्या मनात दुष्टावा नव्हता. शाळेत सगळ्या पोरी सारख्या, असं त्या भाषणात सांगायच्या आणि वर्गात तशाच वागायच्या. पण बोट डोळ्याला लावायची वेळ आली की लहानपणापासून अंगात मुरलेलं काहीतरी आडवं यायचं. कुंदानं हे पाहिलं होतं. कोणाच्या बापाला न भिणारी कुंदा इथे मात्र मूग गिळून बसली, कारण ही नोकरी तिला मोठ्या बाईंनी दिली होती.

संक्रांत झाली आणि पोरींचे डोळे आले. आधी विमलचे आले. लालभडक, सकाळी पापण्या चिकटलेल्या, दिवसभर पाणी. मग आणखी दोघींचे. मग तारेचे. मोठ्या बाई बिचाऱ्या घाबरल्या आणि काजळ थंड असतं म्हणून त्यांनी ते दोन वेळा घालायला सुरुवात केली, सकाळी एकदा आणि शाळा सुटताना एकदा. बघता बघता संघातल्या सगळ्या पोरी डोळ्यांवर ओला फडका ठेवून घरी बसल्या. राहिली एकटी फरजाना.

तारेचे वडील बापूसाहेब वकील होते आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही. ते तणतणत ऑफिसात आले. "बाई, हे कुठून आलं ते मी सांगतो. पिंजाऱ्यांच्या गल्लीत दोन घरी डोळे आलेत, माझा कारकून बघून आलाय. कापसाची धूळ, कोंदट घरं. ती पोरगी रोज तिथून येते आणि आमच्या पोरींच्या खांद्याला खांदा लावून पळते."

"पण तिचे डोळे तर स्वच्छ आहेत," कुंदा मध्येच बोलली.

"तेच तर म्हणतो मी! तिला काही होत नाही, ती फक्त आणते. असतात अशी माणसं." पुरावा नसला की नसण्याचाच पुरावा करायचा, वकिलाला त्यात काय अवघड! "तिला घरी बसवा. नाहीतर अमरावती-बिमरावती सगळं रद्द करायला लावीन कमिटीला."

मोठ्या बाई थकलेल्या होत्या. पोरींच्या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. "काही दिवस घरी राहू दे तिला, कुंदा," त्या खाली बघत म्हणाल्या. "तू जाऊन सांग. नीट सांग."

आता असली गोष्ट नीट कशी सांगतात? कुंदा पिंजाऱ्यांच्या गल्लीत गेली तेव्हा अब्दुल रहीम गादीचा कापूस पिंजत होता. धनुष्याची तार टणटण वाजत होती आणि घरभर पांढरं उडत होतं. कुंदाचं बोलणं ऐकून त्यानं तार थांबवली. माणूस शांत, आवाज न चढवणारा.

"मी पहिलेच म्हनत होतो बाई, पोट्टीले पळवू नका. माही माय म्हने, पळू दे, खुदानं पाय देल्ले हायेत. बरं, पळाली. आता तुमी म्हनता थे रोग आनते. जिथं माह्या पोरीले रोगट म्हनतात तिथं थे परत येनार नाई. ना पळाले, ना शिकाले."

"अहो, काही दिवसांचाच प्रश्न आहे."

"नाई बाई. आज घरी बसली म्हनजे बसलीच. मांगून एखादं चांगलं घर पाहीन." त्यानं पुन्हा धनुष्य उचललं.

फरजाना कापसाच्या ढिगामागे उभी होती. कुंदा निघाली तशी ती दारापर्यंत आली. रडली नाही. फक्त म्हणाली, "माहं काय चुकलं बाई?"  कुंदाला स्वतःची इतकी लाज वाटली की ती पूल ओलांडेपर्यंत तिनं कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती विमलला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी विमलची पापणी उलटून पाहिली, बोरिकच्या पाण्यानं डोळे धुतले, पिवळं मलम दिलं आणि विचारलं, "डोळ्यांत काय घालतेस गं?"

"काजळ!" विमल एवढ्या दुखण्यातही ऐटीत म्हणाली. "मोठ्या बाई घालतात. सगळ्यांले. एका डबीतून, आपल्या हातानं."

"सगळ्यांना? एकाच बोटानं?" डॉक्टर कपाळाला हात लावून हसले. "मग एकीचं दुसरीला, दुसरीचं तिसरीला. धर्मादाय वाटप चाललंय की हे!"

कुंदा हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती रांग उभी राहिली. बोट डबीत, बोट डोळ्यात, परत डबीत. आणि रांगेच्या शेवटी झाकण लागलेली डबी. अगं बाई! जिला काजळ मिळालं नाही, तिचेच डोळे वाचले होते, आणि घरी बसवली होती तिलाच.

ती तडक मोठ्या बाईंच्या घरी गेली. बाई स्वयंपाकघरात बसून ताटलीवरचं ताजं काजळ खरवडत होत्या. "ये गं. यावेळी थोडा कापूर घातलाय, पोरींना लवकर थंडावा पडेल."  पण आज बोललं नाही तर जन्मात बोलता येणार नाही, हे तिला कळत होतं. तिनं डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगून टाकलं.

मोठ्या बाई आधी भडकल्या. "माझ्या काजळानं? अगं, शुद्ध एरंडेलाचं आहे! माझ्या आजीनं आम्हा सहा भावंडांना घातलं, कोणाचं काय वाकडं झालं?"

"काजळ चांगलंच आहे बाई. बोट एक आणि डोळे इतके, घोटाळा तिथे झाला. विमलचे आधी आले, मग तिच्यानंतर रांगेत जी उभी असते तिचे. आठवून बघा."

बाईंनी आठवून पाहिलं असावं. हातातली ताटली त्यांनी हळूच खाली ठेवली. माझ्या पोरी, माझ्याच हातानं, असं काहीसं त्या पुटपुटल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कुंदालाही रडू फुटलं, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"आणि बाई, एकीलाच तुम्ही घातलं नाही. तिचेच डोळे चांगले आहेत."

बाईंनी ती ताटली लांब सरकवली. मग विचारलं, "का घातलं नाही, ते तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तिला?"

"तिलाही."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "सध्या संक्रांतीचं हळदीकुंकू चाललंय घरोघर. मला कोणी बोलवत नाही. वर पुन्हा गोड बोलतात, 'तुम्हाला शाळेच्या कामातून वेळ कुठे मिळतो बाई!' मी म्हणते, हो गं, खरंच वेळ नसतो. तीस वर्षं म्हणतेय." त्या थांबल्या. "ती पोरगी 'जी बाई' म्हणाली ना, तो आवाज माझाच होता गं. मला ओळखायला नको होता?"

त्याच संध्याकाळी दोघी पिंजाऱ्यांच्या गल्लीत गेल्या. मोठ्या बाईंना दारात बघून अब्दुल रहीम गडबडून उभा राहिला. त्याची आई हलीमाबी बाजेवर बसली होती, ती काही उठली नाही. बाईंनी आडवळण न घेता सगळं सांगितलं. रोग बोटानं पसरला, बोट माझं होतं, नाव तुमच्या मुलीचं झालं. "आणि तिला मी काजळ घातलं नाही ते काही तिच्या भल्यासाठी नव्हे. सुरम्याचं निमित्त केलं मी."

"सुरमा?" हलीमाबीनं पानाचा तोबरा एका गालात सरकवला. "आमच्या घरात कोनी घालते सुरमा? माह्या सासऱ्याले होता शौक, थे मरून जमाना झाला. इचारलं असतं तं सांगतलं असतं."

 मोठ्या बाईंनी मान खाली घातली.

"बरं, आमाले सांगतलं, चांगलं केलं," हलीमाबी म्हणाली. "पन नाव आमी ठेवलं नोतं. ज्याइनं नाव ठेवलं, त्याइच्या समोर सांगाल का?"

"सांगेन," मोठ्या बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितलं. बापूसाहेबांना मुद्दाम बोलावून घेतलं, सगळी शाळा प्रार्थनेला मैदानात उभी केली, आणि आपल्या उजव्या हाताचं बोट वर केलं. "हे बोट बघा. संघातल्या मुलींचे डोळे या बोटानं आले. फरजानाला मी ते लावलं नाही, तो माझा कोतेपणा होता. तिनं रोग आणला असं कोणी म्हणत असेल, तर ते खोटं आहे." बापूसाहेब खोकले, उपरणं झटकलं, "म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पाहता..." असं काहीतरी सुरू केलं, पण हट्टानं त्यांच्याबरोबर आलेल्या तारेनं सुजक्या डोळ्यांनी असं काही बघितलं बापाकडे, की गडी गप्पच झाला. त्या दिवसापासून शाळेत आल्यावर आधी नळावर हात-तोंड धुवायचं, पुसायला ज्याचा त्याचा रुमाल, आणि डोळे आलेल्या मुलीनं बरं होईपर्यंत घरी राहायचं, मग ती वकिलाची असो की पिंजाऱ्याची, असं ठरलं.

बाकीच्या पोरींचे डोळे काही स्पर्धेपर्यंत निवळले नाहीत. डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलं. राहिली फरजाना. अब्दुल रहीमनं अमरावतीपुरती परवानगी दिली, तीही आईनं डोळे वटारले म्हणून. "पळून येऊ द्या. शाळेचं मंग पाहू," एवढंच तो बोलला. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती पळून येऊन पुन्हा घरातच बसणार की काय, याचा घोर कुंदाला गाडीत बसल्यापासून लागला होता.

बडनेऱ्याला गाडी बदलून तिघी अमरावतीला पोचल्या. मैदान केवढं मोठं! चुन्याच्या पांढऱ्या रेघा, कडेला माणसांची दाटी, आणि अमरावतीच्या पोरींच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. फरजानानं आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.

"काय झालं गं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"लय लोक पाहून रायले बाई." एवढं बोलून ती त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि पहिल्या दिवसानंतर आज प्रथमच तिनं हनुवटी वर केली.

मोठ्या बाईंनी पिशवीतून डबी काढली. उकळत्या पाण्यानं धुऊन, राखेनं घासून लख्ख केलेली, आत नवं काजळ. डबी कुंदाच्या हातात देऊन त्या नळावर गेल्या, साबणानं खसाखसा हात धुतले, स्वतःच्या रुमालाला पुसले. "डोळ्यांत नाही हं घालणार, कोणाच्याच नाही आता. कानामागे तीट लावते."

"कानामांगं कोनाले दिसन बाई?" फरजाना म्हणाली. "गालाले लावा."

बाईंनी बोट जरा जास्तच दाबलं, त्यामुळे तीट चांगली बोराच्या बीएवढी उमटली. कुंदानं तोंड दुसरीकडे वळवलं. 

फरजाना दुसरी आली. बूट घातलेली एक उंच पोरगी हातभर पुढे गेली, तिला कुंदानं मनातल्या मनात अस्सल वऱ्हाडी शिव्या घातल्या. पण दुसरी म्हणजे काय कमी झालं? मोठ्या बाई तर लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत होत्या, पदर खांद्यावरून घसरला तरी त्यांना पत्ता नव्हता. परतीच्या गाडीत फरजानानं रुमाल ओला करून तोंडावरची धूळ पुसली. कपाळ पुसलं, मान पुसली, आणि गाल पुसताना काळ्या तिटेच्या भोवतून रुमाल फिरवला. तीट होती तिथेच राहिली.

अकोल्याच्या स्टेशनावर अब्दुल रहीम आणि हलीमाबी उभे होते. म्हातारीनं बक्षीस-बिक्षीस काही विचारलं नाही. नातीची हनुवटी धरून तिचं तोंड दिव्याकडे वळवलं आणि आधी एक पापणी खाली ओढून पाहिली, मग दुसरी. मग गालावर नजर गेली.

"डोळ्यात तं नाई घातलं?"

"नाई दादी. बाईनं साबनानं हात धुतले, मंग गालाले लावलं. मी दुसरी आली."

हलीमाबीनं मोठ्या बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दुसऱ्या गालाले बी लावलं असतं तं पयली आली असती," ती म्हणाली.

मोठ्या बाई हसल्या, कुंदा हसली. अब्दुल रहीम मात्र हसला नाही. तो पोरीच्या पायांकडे बघत होता, तळव्यांना चुना लागला होता आणि एका अंगठ्याचं नख फुटलं होतं. कुंदानं मनाशी म्हटलं, आता हा नाही म्हणणार.

"बाई," तो मोठ्या बाईंना म्हणाला, "सोमवारी शाळा कितीले भरते?"

"साडेदहाला," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण सरावाला सातला पाठवा."